आखाजीआधीचं दीव

२२ एप्रिल १९८९, शनिवार. पारोळा

चौथीच्या मुलांना सुट्टीत रोजनिशी लिहायला सांगितली. एकीने विचारलं, बाई, काहीच घडलं नाही तर काय लिहायचं? मी म्हटलं, कुठे गेलो आणि काय खाल्लं एवढं लिही, बाकीचं आपोआप येतं. मुलांना सांगायचं आणि स्वतः करायचं नाही, हे काही बरं दिसत नाही. म्हणून मीही सुरू केली.

आज कौतिकभाऊंनी निकाल दिला. ते माझे जेठ. जेठाने धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नसतं आणि तिने डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी उभं राहायचं असतं. लग्नाला बारा वर्षं झाली, आमचं आपसात एक वाक्य झालेलं नाही. मला सांगायचं ते जाऊबाईंकडे, म्हणजे ताईबाईंकडे, तोंड करून सांगतात. आजही तसंच. "चार साल व्हयनात. आखाजीलगून दखू. नही उना तं त्यानी घागर भरी टाकू."

घागर जीवरामची. जीवराम माझा नवरा. नाव घ्यायचं नसतं, लिहायला हरकत नसावी. चार वर्षांपूर्वी मिरच्यांची पोती घेऊन अमळनेरच्या बाजारात गेला. मिरच्या विकल्या गेल्या, तो आला नाही. तेव्हापासून मी वेगळ्या खोलीत राहते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने नवी घागर पाण्याने भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात. सासऱ्यांची दरवर्षी असतेच. यंदा शेजारी दुसरी ठेवली की जीवराम मेला आणि मी विधवा, असं पक्कं होईल. भाऊंच्या मुलीला स्थळं येतात, पाहुणे विचारतात, काका दिसत नाहीत? पळून गेला म्हणण्यापेक्षा मेला म्हणणं सोपं.

तसं मलाही सोपंच पडेल. सध्या मी कोण ते कुणालाच सांगता येत नाही. हळदीकुंकवाला बोलावणं येतं, पण करंडा माझ्यापर्यंत आला की बाईचा हात अडखळतो. मी आपली स्वतःच बोट बुडवून घेते, म्हणजे तिची सुटका होते. भाऊंचं ऐकून काय वाटलं म्हणाल, तर काही नाही. उभं राहून पाय दुखत होते.

२७ एप्रिल, गुरुवार

वर्षाचा मसाला केला. निकालपत्रकं डोक्यात होती, त्यात खोबरं आणि कांदा जास्त भाजला गेला. सगळा कुटून झाल्यावर कळलं. कडवटपणा राहिलाच. ताईबाई म्हणाल्या, चालतंय, काळा मसाला काळाच असणार. वर्षभर हाच खायचा आहे.

धुळ्याहून बेबाअक्का आल्या. जीवरामच्या थोरल्या बहीण. त्यांचा खांदा धरलेला असतो, कुटता येत नाही, म्हणून मसाला माझ्याकडूनच नेतात. एकटी बाई, तीही माळकरी, कांदाही मोजून खाणारी, पण दोन मोठे डबे पुरत नाहीत. दरवर्षी म्हणतात, जरा दाबून भर.

संध्याकाळी गावातला पुना आला. ट्रक चालवतो. त्याने गेल्या महिन्यात सांगितलेलंच परत सांगितलं: दीव नावाचं बेट आहे, गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे सगळे ड्रायव्हर तिकडे जातात, तिथे एका ठिकाणी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाल्ली. ज्वारी-उडीद एकत्र दळून कळणा करणारा माणूस तिकडे कुठला? "वहिनी, मसाला आपला घरना व्हता." कुठल्या ठिकाणी खाल्ली ते मात्र आठवत नाही. पिऊन होता, हे तो लपवत नाही.

मी म्हटलं, सुट्टी लागली की जाऊन बघते. हे बोलताना काही जोर लागला नाही, दळण आणायला जाते म्हणावं तसं बोलले. ताईबाई घाबरल्या. अक्कांनी मात्र गळ्यातली माळ चाचपली. मग म्हणाल्या, एकटीला कशी पाठवू, मीपण येते. लोकांना सोमनाथाला जातोय असं सांगायचं ठरलं.

१ मे, सोमवार

झेंडावंदन, निकाल, पेढे. तीन मुलं नापास, त्यातली दोन पेढे मागून घेऊन गेली. संध्याकाळी अमळनेरहून सुरतेची गाडी. अक्कांचं सामान बघून हमाल हसला. ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या, कुरडया आणि मसाल्याचे दोन्ही डबे. मी विचारलं, हे कशाला? म्हणाल्या, परदेशात काय मिळंल न मिळंल. मसाला काय नुसता फाकणार आहोत का, असं मनात आलं, पण बोलायचा कंटाळा आला.

३ मे, बुधवार. दीव

काल अख्खा दिवस आणि रात्र बसमध्ये गेली. सकाळी खाडी ओलांडली आणि बेटावर उतरलो. बाजारपेठेच्या मागे एक लॉज मिळालं. मालक म्हातारा, पोर्तुगिजांच्या काळचा. घरं रंगीत, गल्ल्या अरुंद, रस्त्यांवर माणसं कमी. वाऱ्याला मीठ आहे. समुद्र पहिल्यांदा पाहिला. माझ्या वर्गात समुद्रावर निबंध असतो, 'अथांग' हा शब्द मीच फळ्यावर लिहून देते. पाहिल्यावर तो शब्द आठवला आणि बाकी काही झालं नाही. खूप पाणी आहे.

दुपारी बाजारातल्या भोजनालयात. डाळ गोड, भाजी गोड, ताक चांगलं. नापास. रात्री किल्ल्याच्या रस्त्यावर एका बाईच्या घरी. तिच्या ओसरीवर चार टेबलं आहेत. तळलेली मासळी आणि भात. अक्का बाहेर बाकावर केळं खात बसल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्राचा मासा खाल्ला. वरून कुरकुरीत, आतून मऊ, काटा एकच आणि तो सरळ निघतो. जागा फार चांगली आहे, कोणी दीवला गेलं तर जरूर जावं. आपला मसाला नाही.

मी प्रत्येक ठिकाणी विचारते, इथे खानदेशातला कोणी स्वयंपाकी आहे का? लोक विचारतात, खानदेश कुठे आलं? मी म्हणते सुरतेच्या पलीकडे. मग ते म्हणतात, सुरत लांब आहे.

४ मे, गुरुवार

सकाळी जाग आली तेव्हा अक्का नव्हत्या. दुपारी आल्या, पायांना वाळू लागलेली. म्हणाल्या गंगेश्वराला गेले होते, गुहेत महादेवाच्या पिंडी आहेत, लाट येऊन अभिषेक करून जाते. मला उठवायचं तरी. म्हणाल्या, तू झोपेल व्हती. डोळे सुजलेले दिसत होते. देवासमोर अक्कांना रडू येतं, त्यांचं हे बरं आहे. मला कुठल्याच देवासमोर येत नाही.

संध्याकाळी नागव्याचा किनारा पाहिला. अर्धगोल आहे, आणि तिथे फांद्या फुटलेले ताड आहेत. ताडाला फांद्या हे मुलांना सांगितलं तर खोटं वाटेल. पण गर्दी फार. गुजरातेतून आलेली मंडळी चड्ड्या गुंडाळून बाटल्या घेऊन बसलेली. आम्हा दोघींना बघून एकाने बाटली पाठीमागे लपवली. आमच्या पदरांमुळे त्याला त्याची आई आठवली असेल. दोन हॉटेलं पाहिली, दोन्हीकडे आम्लेट आणि पाव. जेमतेम पास.

लॉजवाल्या म्हाताऱ्याने सांगितलं, शांत किनारा हवा तर पश्चिमेच्या टोकाला जा. गोमतीमातेपाशी वाळूच वाळू आहे, तिच्यावर पाऊल उमटवायला कुत्रंही नसतं. त्याच्यापुढे वणाकबारा, कोळ्यांचं गाव. मी म्हटलं, उद्या तिकडे. अक्का लगेच म्हणाल्या, "तथा काय शे? बठ्ठा मासास्ना वास." परत जायला उद्याची बस बरी, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, सगळं बेट बघितल्याशिवाय भाऊंना काय सांगू?

पिशवी आवरताना दिसलं, मसाल्याचे डबे नाहीत. बिबड्याही नाहीत. अक्का म्हणाल्या, देवळापाशी गरीब बाया होत्या, त्यांना दिलं. धुळ्याहून दीवला मसाल्याचं दान करायला आलेली ही पहिलीच बाई असेल.

५ मे, शुक्रवार. दुपार

अक्कांचं डोकं दुखत होतं. मी एकटी गेले.

गोमतीमातेचा किनारा म्हाताऱ्याने सांगितला तसाच. पांढरी वाळू, लांबच लांब, एक माणूस नाही. चपला हातात घेतल्या. पाणी घोट्यापर्यंत येऊ दिलं. मी कधी एकटी अशी कुठे उभी नव्हते, जिथे कुणाच्या समोर पदर सारखा करायला लागत नाही. पदर खांद्यावर पडला तर तसाच राहू दिला. बराच वेळ उभी होते. बरं वाटलं असं लिहिणार होते, पण तसंही नाही. काहीच दुखत नव्हतं, एवढं खरं.

भूक लागली म्हणून पुढे वणाकबाऱ्याला चालत गेले. होड्या ओढून ठेवलेल्या, दोऱ्यांवर मासे वाळत घातलेले. वास येतो, पण अक्का म्हणतात तेवढा नाही. धक्क्याजवळ ताडाच्या झावळ्यांचं छप्पर, खाली बाकं, ट्रकवाले जेवत होते. एक गुजराती बाई वाढत होती. काळीसावळी, माझ्याच वयाची, दात स्वच्छ. तिने विचारलं, मच्छी की शेवभाजी? मी शेवभाजी म्हटलं.

तिने भाकरी अर्धी मोडून दिली, ठेचा ठेवला, आणि न विचारता ठेच्यावर कच्चं तेल सोडलं. भाकरी कळण्याची होती. मी पहिला घास घेतला.

मसाला करपलेला होता.

पुना म्हणाला होता, आपला घरना मसाला. तसं नव्हे. हा माझा मसाला होता, याच वर्षीचा, मी निकालपत्रकांच्या नादात करपवलेला. तोच कडवटपणा, जिभेच्या मागे राहणारा. जगात दुसऱ्या कुणाला नेमका असा करपवणं शक्य नाही. मग अक्कांचे डबे, वाळूचे पाय, सुजलेले डोळे, वर्षाला दोन डबे खाणारी माळकरी बाई, सगळं एकामागोमाग एक आपल्या जागेवर येऊन बसलं. मी शिक्षिका आहे आणि मला पहिलीचं गणित आलं नव्हतं.

मी जेवत राहिले. उठून जावं असं वाटलं नाही, आत जावं असंही वाटलं नाही. मग तोच भाकरीची टोपली घेऊन बाहेर आला. अंगाने भरलाय. केस मागे गेलेत. कमरेला फडकं. घरी चुलीपुढे बसला की कौतिकभाऊ त्याला बायल्या म्हणायचे, मग तो चुलीपासून उठायचा आणि दिवसभर कुणाशी बोलायचा नाही. इथे त्याच्या हाताला पीठ होतं आणि तो ते पुसत नव्हता.

मला पाहून टोपली खाली ठेवली. समोरच्या बाकावर बसला. ती बाई आमच्याकडे एकदा बघून आत गेली, तिला कळलं असावं. त्याने विचारलं, "कशी उनी तू?" मी म्हटलं, बसने. माझ्या ताटाकडे बघत राहिला. शेवटी, गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, भाजी कशी झाली.

मी म्हटलं, "मसाला करपलाय."

"हाव," तो म्हणाला. "या सालना करपेल शे. दरसाल आसा नही ऱ्हास."

एवढंच बोलला. आणि बोलल्यावर काय बोललो ते त्याला कळलं, कारण मान खाली घातली. चार वर्षं मी पारोळ्यात लोकांच्या करंड्यात बोट बुडवत होते, आणि चार वर्षं हा माझ्या हातचं खात होता. यंदाचा बिघडलाय हेसुद्धा त्याला मी सांगायच्या आधीच माहीत होतं.

मला संताप आला. लिहून ठेवते, कारण बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं. भाकरीचा तुकडा हातातून पडला. ओरडावं असं वाटलं, मग तेही गेलं. मी सांगितलं, परवा तेरवा आखाजी आहे, भाऊ तुमची घागर भरणार आहेत. तो समुद्राकडे बघून म्हणाला, "भरू दे. तू मोकळी व्हशी."

मी हात धुतले. त्याने पैसे घेतले नाहीत. मी बाकावर ठेवून आले.

५ मे, संध्याकाळ

अक्का लॉजच्या पायरीवर बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आत त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि रडायला लागल्या. पहिल्याच वर्षी तो धुळ्याला त्यांच्याकडे आला होता म्हणे. माळेवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, कुणाला सांगायचं नाही. तेव्हापासून ट्रकवाल्यांबरोबर मसाला जातो. मी विचारलं, मग मला घेऊन का आलात, आणि आणलंत तर दोन दिवस अडवत का होतात? म्हणाल्या, तू त्याला आपोआप भेटलीस तर माझी शपथ मोडणार नव्हती, आणि भेटली नसतीस तर बरंच, असंपण वाटत होतं. यात खोटं काही दिसत नाही. बाई दोन्हीकडून फाटलेली आहे.

त्यांना जेवायला नेलं. किल्ल्याच्या रस्त्यावरच्या त्या ओसरीवर. तिथल्या बाईने त्यांना वरण-भात करून दिला. मी मासा खाल्ला. परवाइतकाच चांगला होता.

७ मे, रविवार. गाडीत

नंदुरबार गेलं. ऊन फार. अक्का सुरतेपासून एकच सांगताहेत. "जित्ता मानूसनी घागर भरतस का? पाप लागी. तू सांग भाऊले." मी म्हटलं, तुम्हीच सांगा, भाऊ तुमचा. तर पुन्हा शपथ. शपथ त्यांची, भाऊ त्यांचा, पाप त्यांचं, आणि तोंड माझं उघडायचं. तेही जेठासमोर.

मी गप्प बसले तर घागर भरली जाईल. उद्या दुपारपर्यंत मी विधवा होईन, पाहुण्यांना सांगायला सोपं, शाळेत सोपं. त्यालाही तेच हवंय. तिकडे तो ठेच्यावर तेल सोडत राहील. सगळ्यांची सोय होते. खिडकीतून शेतं बघत होते, काळी, नांगरलेली, रिकामी. माझ्या आत तसंच होतं. त्याची सवय झाली की वाईट नसतं.

अमळनेरला उतरताना अक्का म्हणाल्या, तू एवढी दगडासारखी कशी? मी म्हटलं, माहीत नाही.

८ मे, सोमवार. आखाजी

सकाळीच कुंभाराकडून दोन घागरी आल्या. गावात मुली झोक्यांवर गाणी म्हणत होत्या. ताईबाईंनी पुरण वाटलं, मी पोळ्या लाटल्या. रात्री आल्यावर ताईबाईंनी विचारलं होतं, मी म्हटलं होतं उद्या बोलू. त्यांनी त्याचा अर्थ सापडला नाही असा घेतला.

देवघरापुढे दोन पाट मांडले. सासऱ्यांची घागर भरून झाली. भाऊंनी दुसरीत पाणी ओतलं, डांगर हातात घेतलं, आणि ताईबाईंकडे तोंड करून म्हणाले, तिला विचार, काही सांगायचं शे का? भावकीतल्या चार बायका माझ्यासाठी आल्या होत्या. घागर भरल्यावर माझं जे काही पुसायचं, ते पुसायला. मी पदर घेऊन भिंतीशी. अक्का खांबाला टेकून, माळ हातात, माझ्याकडे बघत.

गप्प राहणं फार सोपं होतं. भाऊ वाकले. तेवढ्यात मनात आलं, मी मोकळी होईन असं तो म्हणाला. म्हणजे माझं मोकळं होणंसुद्धा त्याच्या मरण्यावर. आणि तो मेलेलाही नाही.

मी भिंत सोडली, पुढे आले, आणि भाऊंकडे बघून म्हटलं, "भाऊ, डांगर ठेवू नका. तो जिवंत आहे. दीवला खानावळ चालवतो. त्याच्याबरोबर एक बाई आहे."

बारा वर्षांतलं आमचं हे पहिलं वाक्य. भाऊ डांगर हातात धरून तसेच वाकलेले राहिले. माझं तोंड त्यांनी पहिल्यांदा पाहिलं असेल. ताईबाई मटकन खाली बसल्या. अक्कांनी रडून घर डोक्यावर घेतलं, मग शपथ-बिपथ सगळं बाहेर आलं, ट्रकवालेही. भाऊ माझ्यावर संतापले नाहीत. संतापायलाही थेट बोलावं लागलं असतं. शेवटी डांगर खाली ठेवून बाहेर गेले.

मग आलेल्या बायकांना प्रश्न पडला. त्यांतल्या थोरलीने सावरून घेत कुंकवाचा करंडा उचलला, जिवंत आहे तर मग लाव बाई, म्हणाली, आणि माझ्यापुढे धरला. यावेळी तिचा हात अडखळला नाही. मीच बोट बुडवलं नाही. म्हटलं, मला नको. ती म्हणाली, मग तू कोण? मी म्हटलं, पोळ्या गार होताहेत, बसा.

जेवले. तीन पोळ्या खाल्ल्या, रस दोन वाट्या.

दुपारी माझ्या खोलीवर यायला निघाले तेव्हा ती दुसरी घागर पाटावर तशीच होती. कोणी हात लावेना. ओतून टाकायची तर कुठे, फोडायची तर कशी, यावर बायकांची कुजबुज चालली होती. मी उचलली. ताईबाई म्हणाल्या, अगं, ती जीवरामच्या नावाची आहे. मी म्हटलं, डांगर ठेवलंच नाही तर नाव कुठून आलं? कोरी घागर आहे, उन्हाळा आहे, माझ्याकडचा माठ गळतो.

कमरेवर घेऊन भर उन्हातून आणली. गल्लीतल्या बाया बघत होत्या. खोलीच्या कोपऱ्यात वाळूवर ठेवली. आता एक तांब्या प्यायले. पाण्याला मातीचा वास आहे, अजून पुरतं गार झालेलं नाही.